केबल ताणण्याआधी : हँडब्रेक, मागची डिस्क आणि घरची दुरुस्ती



आजचा विषय वाचून दोघा-तिघांनी आम्हाला फोन केला. "सर, पत्रिकेत छपाईची चूक झाली का? तुम्ही आणि हँडब्रेक?" चूक झालेली नाही. आम्ही जन्मभर तर्कशास्त्र शिकवलं, आणि त्यातला एक अगदी प्राथमिक धडा आम्हाला स्वतःला नीट कळला तो निवृत्तीनंतर, गाडीखाली आडवं पडल्यावर. तो धडा आज सांगायचा आहे. पण मुख्य विषय हँडब्रेकच. तर्कशास्त्र वाटेत भेटेल तिथे भेटेल.

आधी घडलं काय ते सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघं कोयनानगरहून चिपळूणला निघालो होतो. कुंभार्ली घाट उतरलो. खरं म्हणजे उतारावर खालच्या गिअरमध्ये गाडी ठेवायची असते, पण आम्ही घाटभर पायाचा ब्रेकच दाबत आलो. खाली आल्यावर एका चहाच्या टपरीशी, थोड्या उतारावरच गाडी लावली, हँडब्रेक ओढला आणि उतरलो. गाडी गिअरमध्ये ठेवली नाही, चाकाला दगड लावला नाही. दहा-पंधरा मिनिटं गाडी जागची हलली नाही. चहा संपत आला आणि टपरीवाला ओरडला, "काका, गाडी चालली बघा!" गाडी आपली आपण हळूहळू निघाली होती. पुढे करवंदांची पाटी घेऊन एक बाई बसत असे, ती नुकतीच उठून पाणी प्यायला गेली होती. गाडी तिच्या रिकाम्या जागेवरून गेली आणि बांधाला टेकून थांबली. बंपर चेपला, एवढंच नुकसान. पण त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही.

प्रश्न असा, की हँडब्रेक ओढलेला होता आणि पंधरा मिनिटं गाडी उभी होती. मग नंतर का निघाली?

हँडब्रेक मागच्या चाकात काय करतो

पायाचा ब्रेक तेलाच्या दाबावर चालतो. आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो, तो द्रव नळीतून दाब पोचवतो आणि कॅलिपरमधला पिस्टन पॅडला डिस्कवर दाबतो. हँडब्रेकचा या तेलाशी संबंध नसतो. दांडी ओढली की तारेची केबल ताणली जाते आणि ती केबल मागच्या चाकातला ब्रेक यांत्रिक रीतीनं आवळते. तेल गळून गेलं तरी हँडब्रेक चालावा, म्हणून ही स्वतंत्र सोय. आपल्याकडच्या १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही पायाचा ब्रेक आणि पार्किंग ब्रेक अशा दोन स्वतंत्र व्यवस्था मोटारगाडीला हव्यात, असं म्हटलेलं आहे.

आता एक शब्द स्पष्ट करून ठेवू. पंक्चरवाल्याकडे गेलं तर तो चाकाच्या लोखंडी थाळीलाच डिस्क म्हणतो. आपण बोलतोय ती डिस्क वेगळी. चाक काढल्यावर आत जी चकचकीत गोल तबकडी दिसते, ती ब्रेकची डिस्क.

आपल्याकडच्या पुष्कळ छोट्या गाड्यांना मागे ड्रम असतो. ज्यांना मागे डिस्क आहे, त्यांच्यात हँडब्रेकच्या तीन तऱ्हा दिसतात. पहिली, कॅलिपरच्या पाठीवर एक छोटा लिव्हर असतो. केबल तो लिव्हर फिरवते, आतला स्क्रू पिस्टनला पुढे ढकलतो आणि नेहमीचेच पॅड डिस्क धरतात. दुसरी तऱ्हा म्हणजे डिस्कच्या मधला उंचवटा आतून पोकळ असतो आणि त्यात ड्रमसारखे दोन छोटे ब्रेक शू बसवलेले असतात, फक्त हँडब्रेकसाठी. तिसरी, बटणावर चालणारा विजेचा पार्किंग ब्रेक. तिच्याकडे शेवटी येऊ. आमची गाडी पहिल्या तऱ्हेची.

आता पंधरा मिनिटांचं कोडं. घाटभर ब्रेक दाबल्यानं डिस्क आणि पॅड भयंकर तापले होते. तापलेला धातू फुगतो. फुगलेल्या डिस्कवर आम्ही हँडब्रेक ओढला आणि दांडी त्या दात्यावर अडकून राहिली. मग डिस्क थंड होऊ लागली, आकसली, पकड सैल झाली. दांडी तिथेच, केबल तिथेच, पण पकड कमी. डिस्कवर थेट काम करणाऱ्या हँडब्रेकचा हा अंगभूत दोष आहे. म्हणून घाट उतरल्यावर गाडी लावाल तेव्हा एक दाता जास्त ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि उतार असेल तर चाकाला दगड लावा.

पण एवढ्यानं कोडं पूर्ण सुटत नव्हतं. हँडब्रेक चांगला असता तर थंड झाल्यावरही गाडी धरायला हवी होती. आमची दांडी नऊ-दहा दाते वर येत होती, हे आम्हाला महिनाभर माहीत होतं. आपण काय म्हणतो? "थोडा लूज झालाय, बघू नंतर."

आम्ही केलेली चूक

घरी आल्यावर आम्ही उत्साहानं दुरुस्ती केली. दोन सीटमधलं झाकण काढलं की केबलचा नट दिसतो. पाना लावला, नट आवळला. दांडी तिसऱ्या दात्यावर घट्ट! सोसायटीच्या उतारावर गाडी लावून पाहिली, हलली नाही. शेजाऱ्यांना दाखवलं. त्यांनी कौतुक केलं.

तीन आठवड्यांनी उजव्या मागच्या चाकातून करपल्यासारखा वास यायला लागला. गाडी जड चालायला लागली. उजव्या चाकाजवळ हात नेला तर धग जाणवे, डावं मात्र थंडगार. साहजिकच आम्हाला वाटलं, उजवा कॅलिपर बिघडला. एका गॅरेजमध्येही तेच सांगितलं, उजवा कॅलिपर बदला. खर्चाचा आकडा ऐकून आम्ही म्हटलं, थांबा, आधी आपण नीट पाहू.

इथे तर्कशास्त्र भेटतं. आपल्या न्यायशास्त्रात कारण ठरवण्याच्या दोन कसोट्या आहेत, अन्वय आणि व्यतिरेक. ते असलं की हे असतं, हा अन्वय. ते नसलं की हे नसतं, हा व्यतिरेक. आम्ही पाहिला होता तो नुसता अन्वय. केबल आवळली, हँडब्रेक धरू लागला, म्हणजे केबल सैल होणं हेच कारण. पण याच शास्त्रात आणखी एक इशारा आहे, उपाधीचा. जिथे अग्नी तिथे धूर, हे विधान खोटं आहे. तापलेल्या लोखंडात अग्नी असतो, धूर नसतो. धूर येतो तो ओल्या लाकडामुळे. ओलं लाकूड ही तिथली लपलेली अट. तसंच, "केबल आवळली की हँडब्रेक नीट होतो" यातही एक अट लपलेली आहे: चाकातली यंत्रणा ठीक असेल तर. हे आम्ही वर्गात तीस वर्षं सांगितलं, आणि पाना हातात आल्यावर विसरलो.

कारण शोधायचा क्रम

आधी सुरक्षितता, कारण इथे चुकीला क्षमा नाही. गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर हवी. सोसायटीच्या रॅम्पवर हे काम करायचं नाही. मागची चाकं उचलायची आणि हँडब्रेक खाली करायचा, म्हणजे गाडी धरून ठेवायला पुढची चाकंच उरतात. त्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे लावा. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असेल तर पहिल्या गिअरमध्येही ठेवा. मागच्या चाकांवर चालणारी असेल तर ती चाकं फिरवून पाहायची असल्यामुळे न्यूट्रल लागेल, तेव्हा ठोकळ्यांवरच भिस्त. गाडी जॅकनं उचला, पण पेलायची ती भक्कम स्टँडवर. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हात-डोकं घालायचं नाही. विटा तर मुळीच लावायच्या नाहीत, त्या भारानं फुटतात.

मग एका वेळी एकच गोष्ट काढून घ्यायची आणि काय बदलतं ते पाहायचं.

पहिली पायरी. हँडब्रेक खाली करून मागचं प्रत्येक चाक हातानं फिरवा. पॅडची हलकी घसट ऐकू आली तर ठीक. चाक अडत असेल तर पुढे चला.

दुसरी. केबलचा नट पूर्ण सैल करा. चाक मोकळं झालं तर दोष केबलच्या ताणात. चाक तसंच अडलं तर दोष कॅलिपरकडे. आमचं उजवं चाक भिंगरीसारखं फिरायला लागलं! केबलचा ताण नाही, तर अडकणं नाही. हा व्यतिरेक. म्हणजे उजवा कॅलिपर निर्दोष होता आणि आम्ही तो बदलायला निघालो होतो.

तिसरी. कॅलिपरवरचा लिव्हर पाहा. हँडब्रेक सोडल्यावर तो आपल्या थांब्यावर पूर्ण टेकला पाहिजे. टेकत नसेल तर एक तर केबल जास्त ताणलेली आहे, किंवा केबल आवरणात गंजली आहे, किंवा लिव्हरच जाम आहे. केबल लिव्हरवरून सोडवली की यांपैकी कोणतं ते लगेच कळतं. आपल्याकडे पावसाळ्यात केबलच्या फाटक्या आवरणातून पाणी शिरतं, आतली तार गंजते. ती ओढली जाते, पण परत येत नाही.

चौथी. केबल पुन्हा बेताची आवळून कुणाला तरी आत बसवा. त्यांनी दांडी एकेक दाता ओढायची, आपण दर वेळी दोन्ही चाकं फिरवून पाहायची. हे काम आमच्या सौभाग्यवतींनी केलं, आणि मोजणीही त्यांनीच चोख ठेवली. उजवं चाक तिसऱ्या दात्याला अडलं. डावं सातव्यालाही फिरतच होतं.

आता चित्र उलटं झालं. आजार डाव्या चाकाचा, ताप उजव्याला! डावं चाक काढून पाहिलं, तर लिव्हर फिरत होता, थांब्यावर परत येत होता, पण पॅड काही आवळत नव्हते. पॅड झिजतात तसा पिस्टन आपोआप थोडा पुढे सरकून राहावा, अशी आत एक सोय असते. ती डाव्या बाजूला गंजून बंद पडली होती. म्हणून डावीकडे फट वाढत गेली, दांडी वर वर येऊ लागली. आम्ही केबल ताणली, तेव्हा दोन्ही लिव्हर थांब्यावरून उचलले गेले. डावीकडे फट मोठी असल्यानं काही फरक पडला नाही. उजवीकडे फट होतीच कमी, तिथे पॅड सतत घासायला लागले. चांगल्या चाकाला आम्ही आजारी पाडलं.

म्हणून नियम लक्षात ठेवा. आधी चाकाकडे, मग केबलकडे. केबल पूर्ण सैल करायची. इंजिन चालू ठेवून पायाचा ब्रेक दहा-पंधरा वेळा सावकाश दाबायचा, म्हणजे पिस्टन आपली जागा घेतो. दोन्ही लिव्हर थांब्यावर आहेत ना, ते पाहायचं. मगच नट आवळायचा, तोही केबलची ढिलाई जाईल एवढाच. लिव्हर थांब्यावरून हलता कामा नये. शेवटी दाते मोजायचे. पुष्कळ गाड्यांत चार ते आठच्या दरम्यान हँडब्रेक पक्का धरतो, आपल्या गाडीचा आकडा पुस्तिकेत असतो. आणि दोन्ही चाकं एकाच दात्याच्या आसपास अडली पाहिजेत.

दुसऱ्या तऱ्हेच्या ब्रेकमध्येही हाच क्रम. डिस्कच्या किंवा मागच्या पत्र्याच्या भोकातून एक दातेरी चाकी दिसते. ती स्क्रू ड्रायव्हरनं फिरवून शू डिस्कला टेकेपर्यंत बाहेर आणायचे, मग चाक मोकळं फिरेल इतपत मागे घ्यायचे. केबल त्यानंतर. हे शू चालत्या गाडीत वापरले जात नाहीत, त्यामुळे झिजून कमी आणि गंजून, लायनिंग सुटून जास्त खराब होतात.

डिस्कचं काय?

ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे येतो, म्हणून पुढचे ब्रेक जास्त काम करतात. मागच्या डिस्कला काम कमी, त्यामुळे गंज घासला जायचाही कमी. पावसाळ्यात दोन दिवस गाडी उभी राहिली की डिस्कवर नारिंगी थर येतो. तो घाबरण्यासारखा नाही, चार वेळा ब्रेक दाबला की निघतो. पण हँडब्रेक ओढून गाडी दोन-तीन आठवडे ओलीत उभी राहिली, तर पॅड डिस्कला चिकटून बसतात. अशा वेळी इंजिनच्या जोरावर गाडी रेटू नका, पॅडचं लायनिंग उखडून येऊ शकतं. गाडी हलकेच पुढे-मागे करून पाहा. नाही सुटलं तर चाक काढून कॅलिपरवर रबरी हातोडीनं हलके ठोके द्या.

डिस्क ठेवायची की बदलायची, हे डोळ्यांनी नाही, मापानं ठरवा. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या उंचवट्यावर किमान जाडी कोरलेली असते. मागच्या डिस्कवर नवी असताना १० मिलिमीटर आणि किमान ८, अशी जोडी पुष्कळदा दिसते, पण आपल्या डिस्कवर जे कोरलंय तेच खरं. मोजताना कडेचा न झिजलेला काठ व्हर्नियरच्या जबड्यात आला तर माप खोटं येतं, एवढी काळजी घ्या. पॅडचं लायनिंग ३ मिलिमीटरवर आलं की बदलायच्या तयारीला लागा. एकाच चाकातल्या दोन पॅडच्या जाडीत मोठा फरक दिसला, तर कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या सुकल्या आहेत किंवा पिस्टन मागे येत नाही. पिना काढून पुसा आणि त्यासाठी मिळतं तेच ब्रेकचं ग्रीस लावा. साधं ग्रीस लावलं तर तिथलं रबर फुगतं.

आमची उजवी डिस्क मापात बसत होती, पण तापून निळी पडली होती आणि तिला बारीक चिरा गेल्या होत्या. त्यामुळे दोन्ही बदलल्या. डिस्क नेहमी जोडीनं बदलतात, पॅडही चारही नवे.

जुनी डिस्क सहसा हबला गंजानं चिकटलेली असते. पुष्कळ डिस्कना आटे असलेली दोन भोकं असतात. त्यांत बोल्ट घालून दोन्ही आळीपाळीनं थोडे थोडे आवळले की डिस्क सरळ बाहेर येते. आत शू असतील तर आधी ते मागे घ्या. कॅलिपर काढल्यावर रबरी नळीवर लोंबकळत ठेवू नका, तारेनं बांधा. ब्रेकची धूळ फुंकू नका, ओल्या फडक्यानं पुसा. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. नवी डिस्क बसवण्याआधी हबचा गंज तारेच्या ब्रशनं काढा. तिथे कणभर गंज राहिला तरी डिस्क तिरकी फिरते आणि पुढे ब्रेक थरथरतो. नव्या डिस्कवर गंजरोधक तेल असतं, ते ब्रेक क्लीनरनं धुऊन टाका.

आणि पहिल्या तऱ्हेच्या कॅलिपरसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. नवे पॅड बसवताना पिस्टन आत घालावा लागतो. पुढच्या चाकाचा पिस्टन शिकंज्यानं दाबून आत जातो. मागचा तसा दाबायचा नाही, तो फिरवत आत न्यायचा असतो, बहुधा घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं. काही गाड्यांत एका बाजूची दिशा उलटी असते. जोरानं दाबलात तर आतला स्क्रू कायमचा मोडतो. आमचा डावा पिस्टन फिरेना, तेव्हाच आम्ही हात थांबवला.

सगळं जोडल्यावर गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पेडल घट्ट लागेपर्यंत दाबा. पहिल्यांदा ते तळाला जातं, आणि हे विसरून गाडी बाहेर काढणारे लोक भिंतीला धडकतात.

कुठे थांबायचं

डावा कॅलिपर आम्ही गॅरेजमध्ये बदलून घेतला. त्यासाठी तेलाची नळी सोडवावी लागते आणि आत शिरलेली हवा काढावी लागते. ते आम्हाला येत नाही. तेल गळत असेल, पिस्टनचं रबर फाटलं असेल, कॅलिपरचे बोल्ट नेमक्या जोरानं आवळायला टॉर्क पाना नसेल, तर घरी काम करू नका. बटणावरचा पार्किंग ब्रेक असेल तर तो आधी दुरुस्तीच्या स्थितीत न्यावा लागतो. तसं न करता कॅलिपर उघडलात आणि मोटर अचानक फिरली, तर बोट सापडतं. तेही जाणकाराचं काम.

मग घरी करायचं काय? तपासणं. सुटे भाग बदलणं गॅरेजला सोपं जातं. "नट सोडल्यावर उजवं चाक मोकळं होतं, आणि डावं सातव्या दात्यालाही फिरतं," हे वाक्य घेऊन आम्ही गेलो, तेव्हा त्या मेकॅनिकनं दुसरा प्रश्नच विचारला नाही. योग्य तो कॅलिपर काढला.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. पायाचा ब्रेक कमी लागला तर आपण जोरानं दाबतो, कारण आपण तिथे असतो. हँडब्रेकचं काम सुरू होतं ते आपण दार लावून निघून गेल्यावर. तो कमी पडला तर सावरायला गाडीत कुणी नसतं आणि समोर कोण बसलंय ते आपल्याला दिसत नसतं. दांडी हाताला घट्ट लागली म्हणजे ब्रेक दुरुस्त झाला, असं आम्हाला वाटलं होतं. पुढच्या रविवारी सपाट जागा बघून एवढंच करा: दाते मोजा. आणि ते वाढलेले निघाले, तर पाना केबलच्या नटाला लावण्याआधी चाक फिरवून पाहा.